प्राणवायूचा दुष्काळ आणि स्वादुपिंडाचा कर्करोग

सन २०१६ चा उन्हाळा लातूरकरांस विसरतां येणें शक्य नाहीं. लागोपाठ पाऊस अपुरा पडल्यामुळें मांजरा नदीवरील धरण कोरडें पडलें होतें, शहराचे नळ बंद झाले होते, आणि पाण्याच्या टाक्यांपाशीं तंटेबखेडे होऊं नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. अशा वेळीं, १२ एप्रिल रोजीं, मिरजेहून सुमारें साडेतीनशें किलोमीटरांचा पल्ला ओलांडून दहा वाघिणींची एक आगगाडी लातूरच्या स्थानकांत येऊन उभी राहिली. त्या वाघिणींत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. पाण्यासाठीं आगगाडी धांवते हें दृश्य पाहून साऱ्या देशास लातूरच्या तहानेची कल्पना आली.

दुष्काळांत माणसें नुसतीं सुकत बसत नाहींत. कोणी बोअर अधिक खोल नेतो, कोणी पीक बदलतो, कोणी शेजाऱ्याच्या विहिरीवर नजर ठेवतो, आणि कांहींच चालेनासें झालें म्हणजे बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडणीला किंवा पुण्यामुंबईच्या बांधकामावर निघून जातो. मानवी शरीरांतही कधीं कधीं असा दुष्काळ पडतो. तो पाण्याचा नसून प्राणवायूचा असतो; आणि तो जेथें पडतो, तेथील पेशीही जवळजवळ याच गोष्टी करूं लागतात. भेद इतकाच, कीं माणसाचें स्थलांतर ही पोटाची निकड असते व त्यांत त्याचा दोष नसतो. कर्करोगाच्या पेशीचें स्थलांतर मात्र ज्या शरीरानें तिला पोसलें त्याच्याच जिवावर उठतें.

स्वादुपिंडाच्या कर्करोगांत हा दुष्काळ विशेष तीव्र असतो. सामान्य समज असा, कीं ज्या गांठीला श्वास मिळत नाहीं ती आपोआप दुबळी होऊन मरत असेल. वस्तुस्थिति बरीचशी याच्या उलट आहे. ती तशी कां आहे, आणि ती जाणून घरोघरच्या माणसांनीं कोणता बोध घ्यावा, हें या भाषणांत पाहावयाचें आहे.

प्रथम स्वादुपिंडाची थोडी ओळख करून घेणें अवश्य आहे. मधुमेहामुळें या इंद्रियाचें नांव पुष्कळांच्या कानांवर गेलेलें असतें. परंतु तें कोठें आहे हें विचारल्यास सुशिक्षितही घोटाळतात. जठराच्या पाठीमागें, कण्याच्या पुढें, आडवें पसरलेलें हें सुमारें वीतभर लांबीचें पिंड आहे. त्याचें डोकें लहान आंतड्याच्या पहिल्या वळणांत बसलेलें असून शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत गेलेलें असतें. त्याचीं कामें दोन. अन्न पचविणारा रस तयार करून तो नलिकांवाटे आंतड्यांत सोडणें हें एक. आणि रक्तांतील साखर ताब्यांत ठेवणारें इन्शुलिन निर्माण करणें हें दुसरें. यकृताकडून येणारी पित्ताची नळी या पिंडाच्या डोक्यांतूनच आंतड्याकडे जाते, ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

या इंद्रियाचा नेहमीं आढळणारा कर्करोग पाचक रसाशीं संबंध असलेल्या पेशींत उद्भवतो. शंभरांतील नव्वदांहून अधिक रुग्णांत केआरएएस नांवाच्या जनुकांत बिघाड झालेला असतो. पिंड शरीराच्या इतक्या खोलांत दडलेलें आहे, कीं गांठ बरीच वाढेपर्यंत हाताला लागत नाहीं व दुखतही नाहीं. त्यामुळें निदान होतें तेव्हां शंभरांत पंधरा-वीस रुग्णच शस्त्रक्रियेच्या पल्ल्यांत असतात. अमेरिकेसारख्या साधनसंपन्न देशांतही निदानानंतर पांच वर्षें जगणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा तेराच्या आसपास आहे. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर सन २०१८ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या रुग्णालयांत दाखल झाले. मुंबई, अमेरिका व दिल्ली येथें उपचार होऊनही १७ मार्च २०१९ रोजीं याच रोगानें त्यांचें निधन झालें. उत्तमोत्तम वैद्यकीय साहाय्य हाताशीं असतांही हा रोग किती वेगानें वाढतो, याची साक्ष त्या तेरा महिन्यांनीं दिली.

आतां या गांठींत प्राणवायूचा दुष्काळ पडतो कसा? फुप्फुसांत रक्ताला मिळालेला प्राणवायु धमन्यांतून वाहत वाहत शेवटीं केसांहूनही बारीक अशा केशवाहिन्यांत पोंचतो, आणि तेथून झिरपत पेशींपर्यंत जातो. हें झिरपणें फार दूरवर होत नाहीं. केशवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटर गेलें कीं तो संपतो. वाटेंतल्या पेशीच तो पिऊन टाकतात. कालव्याच्या मुखाशीं असलेलीं शेतें भिजतात आणि टेलच्या शेतकऱ्याला थेंब मिळत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. सन १९५५ मध्यें टॉमलिन्सन आणि ग्रे या दोन इंग्रज संशोधकांनीं फुप्फुसाच्या कर्करोगाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं मोजून पाहिले. रक्तवाहिन्यांच्या लगत जिवंत पेशींची कड आणि तिच्यापलीकडे मेलेल्या पेशींचा राडा, अशी रचना त्यांना आढळली. जिवंत कडेची रुंदी दोन दशांश मिलिमीटरांच्या आंतच राहते, हें पाहून त्यांनीं असा निष्कर्ष काढला, कीं त्या कडेच्या अगदीं शेवटच्या रांगेंत, मृत्यूच्या उंबरठ्यावर, अर्धवट गुदमरलेल्या परंतु अद्याप जिवंत अशा पेशी असल्या पाहिजेत. पुढील सारें संशोधन या शेवटच्या रांगेभोंवतीं फिरत राहिलें आहे.

कोणत्याही वाढत्या गांठींत असें होतें. मग स्वादुपिंडाच्या गांठीचें वेगळेपण तें काय? हें अर्बुद हाताला दगडासारखें कठीण लागतें. त्यांतील पुष्कळसा भाग, कित्येकदां निम्म्याहून अधिक, कर्करोगाच्या पेशींचा नसतोच. जखम भरतांना शरीर ज्या प्रकारचे चिवट तंतु विणतें, तशाच तंतूंचें दाट जाळें आणि तें विणणाऱ्या पेशी यांनीं तो भाग व्यापलेला असतो. जखम भरली कीं विणकाम थांबतें; येथें मात्र तें थांबतच नाहीं. या जाळ्याच्या दाबानें नाजूक केशवाहिन्या चेपून जातात. मुळांत त्या थोड्या, आणि ज्या असतात त्यांतूनही रक्त धड वाहत नाहीं. म्हणजे येथें पाऊसही कमी, आणि जो पडतो त्याचें पाणी शेतांत शिरूं न देणारा बांधही घातलेला.

ही केवळ कल्पना नव्हे. सन २००० मध्यें अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथील कूंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सात रुग्णांच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं सुईसारखें मापक गांठींत घालून प्राणवायूचा दाब मोजला. शेजारच्या निरोगी स्वादुपिंडांत तो पाऱ्याच्या सुमारें २४ पासून ९२ मिलिमीटरांपर्यंत भरला. गांठींत तो शून्यापासून जेमतेम पांच मिलिमीटरांपर्यंत होता. सात ही संख्या लहान आहे, आणि पुढें इतर रीतींनीं केलेल्या मोजणींत असेंही दिसून आलें, कीं हा दुष्काळ सर्व रुग्णांत सारखा नसतो. एकाच गांठीच्या दोन भागांतही तो कमीअधिक असतो. तरी पुष्कळ रुग्णांच्या गांठींत प्राणवायूची ओढ फार मोठी असते, याविषयीं शास्त्रज्ञांत मतभेद उरलेला नाहीं.

येथें एक प्रश्न सहज उद्भवतो. पेशीला डोळे नाहींत, नाक नाहीं. मग प्राणवायु कमी पडला हें तिला कळतें कसें? या प्रश्नाचें उत्तर शोधल्याबद्दल बॉल्टिमोरचे ग्रेग सेमेन्झा, ऑक्सफर्डचे पीटर रॅटक्लिफ व बोस्टनचे विल्यम केलिन या तिघांस सन २०१९ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. पेशींत हिफ नांवाचें एक प्रथिन सदैव तयार होत असतें. आणि प्राणवायु मुबलक असतां तें कांहीं मिनिटांतच नष्ट केलें जातें. नष्ट करण्याची पद्धत अशी: प्राणवायूचा उपयोग करून एक विकर त्या प्रथिनावर शिक्का मारतें, तो शिक्का ओळखून दुसरें एक प्रथिन त्याला पकडतें, आणि मग त्याची मोडतोड होते. या शिक्क्याची शाई म्हणजे प्राणवायु. शाई संपली कीं शिक्का उमटत नाहीं. शिक्का नाहीं म्हणून हिफ नष्ट होत नाहीं. आणि मग तें पेशीच्या केंद्रांत शिरून शेंकडों जनुकांस हुकूम सोडूं लागतें.

ही योजना मूळची हिताचीच आहे. नांदेडचा एखादा यात्रेकरू साडेअकरा हजार फुटांहून उंच असलेल्या केदारनाथास जाऊन राहिला, तर तेथील विरळ हवेमुळें याच हिफच्या हुकुमानें त्याच्या शरीरांत एक संदेशद्रव्य निघतें व तांबड्या पेशींची निपज वाढते. संकट ओळखून तग धरण्याची ही निसर्गानें दिलेली विद्या होय. कर्करोगाच्या पेशींस ती नव्यानें शिकावी लागत नाहीं. ती त्यांच्यापाशीं उपजतच असते. शरीराच्या रक्षणासाठीं असलेली विद्या त्या स्वतःच्या रक्षणासाठीं वापरतात, एवढेंच.

ती वापरून त्या काय काय करतात, तें आतां क्रमानें पाहूं. पहिली गोष्ट अन्नाची. प्राणवायूवांचून साखर पुरती जळत नाहीं. म्हणून पेशी ती आंबवून थोडक्यांत भागवते, आणि थोडें मिळतें म्हणून साखर अधिक ओढते. या आंबवण्यांतून निघणारें लॅक्टिक अम्ल बाहेर सांचून आसपासचा प्रदेश आंबट होतो. कर्करोगाच्या पेशी प्राणवायु असतांनाही साखर आंबवतात, असें जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनीं १९२० नंतरच्या दशकांतच दाखविलें होतें. श्वसनाचा बिघाड हेंच कर्करोगाचें मूळ, असें त्यांचें मत होतें. तें मात्र पुढें टिकलें नाहीं. मूळ बिघाड जनुकांचा. प्राणवायूची टंचाई त्यावर मागाहून स्वार होते.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. शरीराच्या संरक्षक पांढऱ्या पेशी गांठीपर्यंत पोंचल्या, तरी त्या आंबट आणि गुदमरलेल्या प्रदेशांत त्यांचें बळ चालत नाहीं. उलट, संरक्षणाचा आवेश शमविणाऱ्या पेशी तेथें गोळा होतात. तंतु विणणाऱ्या पेशींनाही टंचाईमुळें अधिक चेतना मिळते. म्हणजे दुष्काळ तंतु वाढवितो आणि तंतु दुष्काळ वाढवितात, असें हें दुष्टचक्र आहे.

तिसरी गोष्ट निवडीची. कठीण काळांत जें काटक असतें तेंच टिकतें. बिघडलेल्या पेशीला स्वतःहून मरावयास लावणारें पी-५३ नांवाचें एक जनुक आहे. सन १९९६ मध्यें असें दाखविण्यांत आलें, कीं प्राणवायूची टंचाई असतां ज्या पेशींत हें जनुक शाबूत असतें त्या मरतात, आणि ज्यांत तें निकामी झालेलें असतें त्या मागें उरून वाढतात. टंचाई ही अशा रीतीनें चाळणीचें काम करते. चाळणींतून खालीं पडतात त्या सौम्य पेशी, आणि वर राहतात त्या उग्र.

चौथी गोष्ट स्थलांतराची, आणि रुग्णाच्या दृष्टीनें हीच सर्वांत घातक. निरोगी पेशी शेजारच्या पेशींचे हात धरून एका जागीं बसलेल्या असतात. हिफच्या हुकुमांनीं ही पकड सैल होते, पेशीचा आकार बदलतो, भोंवतालचे तंतु विरघळविणारीं द्रव्यें ती सोडूं लागते, आणि रक्तांत शिरून दुसऱ्या गांवीं बिऱ्हाड थाटते. स्वादुपिंडाचें रक्त यकृताकडे जातें. म्हणून तें दुसरें गांव बहुधा यकृत असतें.

पांचवी गोष्ट उपचारांस दाद न देण्याची. किरणोपचारांत किरणांनीं पेशीच्या जनुकद्रव्याला जी इजा होते, ती प्राणवायूच्या साहाय्यानें पक्की होते. प्राणवायु नसल्यास तितकीच इजा करण्यास अडीच ते तीनपट मात्रा लागते. औषधांचें म्हणावें, तर तीं रक्तावाटेच जावयाचीं. जेथें प्राणवायु पोंचत नाहीं तेथें औषध तरी पुरेसें कोठून पोंचणार? शिवाय पुष्कळशीं औषधें भराभर विभागणाऱ्या पेशींवर चालतात, आणि शेवटच्या रांगेंतील पेशी अंग चोरून, हळूहळू चालत असतात.

एवढें ऐकल्यावर कोणीही म्हणेल, कीं मग उपाय सोपा आहे. गांठीला प्राणवायु द्या म्हणजे झालें! या विचारानेंच अनेक भोळीं माणसें फसतात. खोल श्वास घ्या, प्राणवायु मिसळलेलें पाणी प्या, रक्तांत ओझोन सोडून घ्या, म्हणजे कर्करोग जळून जाईल, अशा जाहिराती वारबुर्ग यांचें नांव पुढें करून केल्या जातात. यांतील चूक समजण्यास सन २०२१ च्या साथीची आठवण पुरे. त्या वेळीं बोटाला लावावयाचें मापक घरोघर आलें, आणि निरोगी माणसाचा आंकडा ९७-९८ असतो हें मुलांनाही पाठ झालें. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाचा आंकडाही बहुधा तेवढाच असतो! त्याचें रक्त प्राणवायूनें जवळजवळ काठोकाठ भरलेलेंच असतें. धरण भरलेलें असून टेलला पाणी नसेल, तर धरणांत आणखी चार घागरी ओतून काय होणार? प्राणायामानें मनास शांति मिळत असेल तर तो अवश्य करावा. परंतु त्यानें गांठीच्या गाभ्यांत प्राणवायु पोंचतो असें मानून खरा उपचार लांबणीवर टाकणें म्हणजे हातची वेळ दवडणें होय.

शास्त्रज्ञांनीं स्वतः केलेले प्रयत्नही या दृष्टीनें उद्बोधक आहेत. कांहींनीं उलट बाजूनें विचार केला, कीं गांठीचा रक्तपुरवठाच तोडावा. नव्या रक्तवाहिन्या वाढूं न देणारें औषध सुमारें सहाशें रुग्णांवर योजून पाहण्यांत आलें. सन २०१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या निकालांत त्यानें आयुष्य वाढल्याचें दिसलें नाहीं. ज्या गांठीनें दुष्काळांतच जन्म काढला, तिला आणखी थोड्या दुष्काळाचें भय काय? दुसऱ्यांनीं तंतूंचा बांध फोडण्याचें ठरविलें. सन २००९ मध्यें उंदरांवरील प्रयोगांत बांध सैल होऊन औषध आंत शिरलें, तेव्हां मोठी आशा उत्पन्न झाली. परंतु माणसांवरील चाचणींत रुग्णांची स्थिति सुधारण्याऐवजीं बिघडत असल्याचें दिसून सन २०१२ मध्यें ती थांबवावी लागली. सन २०१४ मध्यें उंदरांवरच असेंही आढळलें, कीं बांध समूळ काढल्यास गांठ अधिकच उग्र होते. म्हणजे तो बांध प्राणवायूला जसा अडवितो, तसाच रोगालाही कांहीं अंशीं अडवीत असतो. बांधांतील पाणी धरून ठेवणारा चिकट पदार्थ विरघळविण्याचा निराळा प्रयत्नही सन २०१९ मध्यें मोठ्या चाचणींत निष्फळ ठरला.

तिसरा मार्ग सर्वांत चतुर होता. प्राणवायु असेल तेथें निरुपद्रवी राहावें, आणि तो नसेल तेथेंच विषारी व्हावें, असें औषध तयार करण्यांत आलें. शेवटच्या रांगेंतील पेशींवर नेमका घाव घालण्याची ही युक्ति. सुमारें सातशें रुग्णांवर तिची परीक्षा झाली, आणि सन २०१५ च्या अखेरीस निकाल आला. नेहमींच्या औषधाबरोबर हें दिलेल्या रुग्णांचें मध्यम आयुर्मान ८.७ महिने भरलें, न दिलेल्यांचें ७.६ महिने. फरक होता, परंतु तो योगायोगाचा नव्हे असें छातीठोकपणें म्हणण्यास किंचित् अपुरा पडला, आणि औषध मान्य झालें नाहीं. ज्यांच्या गांठींत टंचाई खरोखरच तीव्र आहे असे रुग्ण आधीं निवडून घेतले असते, तर निकाल कदाचित् निराळा लागता, असें कांहीं तज्ज्ञांस वाटतें. टंचाई मोजूनच उपाय योजावा, या दिशेनें आतां विचार चालला आहे.

मग आजच्या घटकेस रुग्णाच्या हाती काय आहे? जें आहे तें अगदींच थोडें नाहीं. सन २०११ मध्यें चार औषधांच्या संयोगानें, रोग पसरलेल्या रुग्णांचें मध्यम आयुर्मान ६.८ महिन्यांवरून ११.१ महिन्यांवर गेल्याचें सिद्ध झालें. त्याहून मोठी गोष्ट सन २०१८ मधली. ज्यांची गांठ शस्त्रक्रियेनें पूर्ण काढतां आली, त्यांना नंतर हीच औषधें थोड्या फरकानें दिलीं असतां मध्यम आयुर्मान ५४ महिन्यांवर गेलें. जुन्या औषधानें तें ३५ महिने होतें. म्हणजे पसरलेल्या रोगांत हिशेब महिन्यांचा, आणि वेळेवर सांपडलेल्या रोगांत तो वर्षांचा. केआरएएस जनुकाच्या बिघडलेल्या प्रथिनावरच नेम धरणारीं औषधेंही अलीकडे तयार झालीं आहेत. परंतु या सर्वांत महत्त्वाचा भाग आहे तो वेळेचा. गांठ जितके दिवस वाढत राहते, तितकी तिच्या आंतील टंचाई वाढते. आणि जितकी टंचाई वाढते, तितक्या अधिक पेशी चाळणींतून उग्र होऊन निघतात व प्रवासाला लागतात. म्हणून रुग्णाच्या घरीं वायां गेलेला प्रत्येक आठवडा हा रोगाच्या शाळेंतला एक आठवडा असतो.

आणि आपल्याकडे आठवडे वायां जातात ते बहुधा एका जागीं. स्वादुपिंडाच्या डोक्यांतून पित्ताची नळी जाते, असें आरंभीं सांगितलें. डोक्यांतील गांठीनें ती नळी चेपली, कीं डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग मातकट पांढरट होतो व अंगाला खाज सुटते. पोटांत मात्र दुखेलच असें नाहीं. ही कावीळ म्हणजे एका अर्थीं त्या मुक्या रोगानें दिलेली हांक आहे. परंतु घरांत वडील माणसाचे डोळे पिवळे झाले, कीं पहिला विचार येतो तो झाडपाल्याचा, गळ्यांत घालावयाच्या माळेचा आणि कावीळ उतरविणाऱ्या जाणत्याचा. माळ गुडघ्यापर्यंत उतरली म्हणजे कावीळ उतरली, अशी समजूत गांवोगांव आहे, आणि शहरांतल्या शिकलेल्या घरांतूनही ती गेलेली नाहीं.

या समजुतीला बळ कां मिळतें, तेंही पाहिलें पाहिजे. तरुण माणसांना होणारी सांथीची कावीळ विषाणूची असते, आणि ती बहुधा आपोआपच दोन-चार आठवड्यांत बरी होते. श्रेय माळेला मिळतें. पन्नाशी उलटलेल्या माणसाची, न दुखतां आलेली आणि दिवसेंदिवस गडद होत जाणारी कावीळ ही निराळी गोष्ट आहे. ती कर्करोगाचीच असेल असें मुळींच नाहीं; पित्ताच्या खड्यानें किंवा इतर कारणांनीं नळी अडूं शकते. परंतु नळी अडली आहे कीं काय, हें रक्ताच्या व सोनोग्राफीच्या साध्या तपासणीनें लौकर कळण्यासारखें असतें. नांदेड येथें डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नांवाचें आणि लातूर येथें विलासराव देशमुख यांच्या नांवाचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. ही तपासणी करून घेण्यास देवगिरी एक्स्प्रेसनें मुंबई गांठण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या टाटा रुग्णालयाचा रस्ता लागलाच, तर तो निदानाच्या कागदासह व वेळेवर धरावा.

कावीळ ही एक खूण झाली. दुसरी खूण अशी: पन्नाशीनंतर, घराण्यांत नसतांना, एकाएकीं मधुमेह उपटावा आणि त्याबरोबर वजनही उतरत जावें, किंवा बरा ताब्यांत असलेला मधुमेह विनाकारण बिघडावा. मधुमेह झालेल्या बहुसंख्य माणसांना हा रोग नसतो, म्हणून घाबरून जाऊं नये. परंतु वजन कां घटलें हें वैद्याला अवश्य विचारावें. तिसरी खूण म्हणजे पोटाच्या वरच्या भागांत सुरू होऊन पाठींत शिरणारें, रात्रीं आडवें झाल्यावर वाढणारें दुखणें. आणि रोग होऊंच नये म्हणून जें आपल्या हाती आहे, त्यांत तंबाखू सोडणें हें पहिलें. विडी-सिगारेटनें हा रोग वाढतो, हें निश्चित ठरलेलें आहे.

लोकांना खुणा सांगून खरोखर कांहीं साधतें काय, असा संशय कोणी घेईल. त्याचें उत्तर लातूरच्या शेजारींच आहे. बार्शी येथें डॉ. भगवान नेने यांच्या पुढाकारानें ग्रामीण भागासाठीं कर्करोगाचें रुग्णालय उभें राहिलें, आणि सन १९८७ मध्यें तेथें देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील खेडोपाडीं कार्यकर्ते जाऊन लोकांशीं बोलत, खुणा समजावून देत आणि संशयित रुग्णास तपासणीला आणीत. कांहीं वर्षांनीं नोंदवहींत असें दिसूं लागलें, कीं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षां लौकरच्या अवस्थेंत येत आहेत. महागडें यंत्र न आणतां, केवळ सांगण्यानें हें घडलें. स्वादुपिंडाचा रोग त्याहून पुष्कळ लबाड आहे, आणि त्यासाठीं सर्वांची सरसकट तपासणी करण्याची सोपी रीत अद्याप नाहीं. म्हणूनच त्यानें स्वतः दिलेली एखादी खूण वायां जाऊं देणें अधिक नुकसानीचें ठरतें.

सन २०१६ मध्यें पाण्याची गाडी मिरजेहून लातूरला आली, ती याच बार्शीच्या वाटेनें. ती वेळेवर आली, म्हणून शहराची कांहीं तहान भागली व कित्येक बिऱ्हाडें जागच्या जागीं राहिलीं. शरीराच्या खोल कोपऱ्यांतल्या गांठीपर्यंत प्राणवायूची गाडी नेण्याचा रूळ शास्त्रज्ञांना अद्याप घालतां आलेला नाहीं. तो पडेल तेव्हां पडो. तोंवर घरांतल्या वडील माणसाचे डोळे पिवळे दिसले, तर माळ आणावयास न धांवतां त्याच दिवशीं डॉक्टरचें दार वाजवावें.